मामानं विचारलंय, घेऊ का

सांगली, ११ जून १९७७

आदगोंडा,

चिरंजीव, आशीर्वाद वगैरे आज लिहीत नाही. सहा वर्षांनी पत्र लिहितेय ते भांडायला, तेव्हा आधी भांडण.

काल चंदनाची गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली तुझं पत्र. चांगलं चार पानी. म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत पोस्टमन खिडकीतून माझ्या मुलीला अमेरिकेची पत्रं देतो आणि मला खबर नाही. विचारलं तर म्हणाली, "मीच मामाला आधी लिहिलं. तुझ्या ट्रंकेत त्याची जुनी पाकिटं होती, त्यावर पत्ता होता." आता ती ट्रंकेत कशाला गेली होती हे मी विचारलं नाही, कारण त्या पाकिटांबद्दल तिनं मला विचारलं असतं तर मलाच उत्तर देता आलं नसतं.

तुला ती आठवत असेल ती अकरा वर्षांची. आता सतरा पूर्ण झाली. नवव्या वर्षी तिचे सांधे सुजले होते, ताप हटत नव्हता, ते तुला ठाऊक आहे. तो ताप पुढं हृदयात गेला. झडप खराब झाली. दर एकवीस दिवसांनी मिरजेला नेऊन इंजेक्शन द्यावं लागतं, म्हणून आम्ही दोघी इथं आप्पांच्या घरी राहतो. यांची शाळा साताऱ्याला, म्हणून हे तिकडं, आणि मी महिन्यातून एकदा जाऊन त्यांच्या घराचा उकिरडा उपसून येते. चंदनाची शाळा नववीत सुटली. जिना चढायचा नाही, पाणी उचलायचं नाही. घराच्या पुढच्या सोप्यात खिडकीपाशी कॉट टाकलीय, तिथं ती वाचत पडते.

अशा मुलीला तू नव्या खेळाचं वेड लावलंस. पत्र मी चारदा वाचलं. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं सांगायचं, तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आत अंधार आहे, आता काय करता? आणि बाकीच्यांनी आपण कोण ते आधीच ठरवून ठेवायचं आणि त्या माणसासारखं उत्तर द्यायचं. फासे चार बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे. वीस बाजूंचा फासा थांबतो तरी कसा? आणि पुढं विचारतोस, योद्धा होतेस, मांत्रिक होतेस की चोर? भाचीला चोर हो म्हणून सुचवणारा मामा मी तरी पहिलाच बघितला.

शेवटी लिहिलंयस, "दुकानात नवीनच आलाय. घेऊ का? घेतला तर नियम मराठीत लिहून पाठवतो." तिनं त्या "घेऊ का" खाली पेन्सिलीनं दोन रेघा मारल्यात.

मला एवढंच सांग. तू लिहिलेली ती तलवार, ते भाले कशाला? त्या गुहेत मारायचं असतं का कुणाला? याचं उत्तर येईपर्यंत घेऊ नकोस. आणि पत्र माझ्या नावानं टाक. आप्पांना तुझं नाव खपत नाही, उगाच घरात वाद नको.

पद्मावती


सांगली, १९ जुलै १९७७

आदगोंडा,

तुझं उत्तर मिळालं. या खेपेला पोस्टमनला मी दारातच गाठलं.

तू लिहितोस, मारणं आहे, पण नुसतं तोंडी. राक्षस, अजगर, भुतं, जगात जे नाहीतच त्यांना मारायचं, मग पाप कसलं? तिकडं राहून एवढं विसरलास होय रे? चालताना पायाखाली किडा सापडला तर ती चूक, तिला प्रायश्चित्त आहे. मारायचं असं मनाशी ठरवून मारलं तर समोर जिवंत काही नसलं तरी ती हिंसाच. गणपतीच्या जत्रेत तू साखरेच्या पोपटाचं डोकं कडाकडा चावून खाल्लंस तेव्हा अव्वानं तुला संध्याकाळचं जेवण दिलं नव्हतं. तू ओरडत होतास, साखरच तर आहे. अव्वा म्हणाली होती, "साखर म्हणून खाल्लास का पोपट म्हणून?" आजही तुला माझा तोच प्रश्न आहे.

मी एरवी इतकं ताणलं नसतं. तुला वाटेल अक्का कर्मठ झाली, झाले असेन. पण आता जे लिहिते ते चंदनाला ठाऊक नाही, आप्पांनाही नाही. गेल्या आठवड्यात मिरजेच्या डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं आमचं चाललं होतं, तर म्हणाले, आता उशीर झाला, दोन्ही झडपा गेल्या, तिला ते झेपायचं नाही. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, दिवाळीपर्यंत सांभाळा. मग मी बाहेर आले आणि चंदनाला म्हटलं, गोळ्या बदलल्यात, आता बरं वाटेल.

शेवटच्या घडीला मन जिथं असतं तसा पुढचा जन्म मिळतो, असं अव्वा सांगायची आणि माझा त्यावर विश्वास आहे. या जन्मात माझ्या मुलीला काय मिळालं? एक सोपा आणि एक खिडकी. पुढचा तरी बरा मिळावा, एवढीच गोष्ट माझ्या हातात राहिलीय. आणि त्या घडीला तिच्या मनात तू पाठवलेली तलवार असली तर मी काय करू? तिला पुन्हा असलंच शरीर मिळालं तर? तू हसशील. हस. पण खेळ घेऊ नकोस.

तिला मी खोटं सांगितलं. म्हटलं, मामानं लिहिलंय, दुकानातला माल संपला. ती म्हणाली, "परत आला की घेईल ना?" मी म्हटलं, बघू. तेव्हापासून ती रोज पोस्टमनची वाट बघते, आणि माझ्यावर नजर ठेवते.

अक्का


सातारा, २० ऑगस्ट १९७७

आदगोंडा,

आठ दिवस झाले इथं आहे. यांचा पाय शाळेच्या पायरीवरून घसरला, प्लास्टर घातलंय. चंदनापाशी आप्पा आणि भांडीवाली बाई आहे. जीव तिकडं, देह इकडं, असं चाललंय.

इथं शेजारी राहीबाई म्हणून आहेत. नवरा सुभेदार होता, एकाहत्तरच्या लढाईत गेला. शिकलेल्या नाहीत, पण मला त्यांच्याशी बोलायला बरं वाटतं, कारण त्या उगाच धीर देत नाहीत. परवा शेंगा फोडत बसलो होतो. मी कुणाला सांगणार नव्हते ते सगळं त्यांना सांगून बसले, डॉक्टरचं, तुझं, खेळाचं. खेळ त्यांना एका दमात समजला. मला चार वाचनं लागली होती.

त्या म्हणाल्या, "आवं, आमच्या मालकांनी बंदूक चालवली. खरी मानसं मारली आसतील की त्येंनी. त्येंचं काय व्हायचं ते झालं आसंल वर. तुमची पोर नुसती तोंडानं बोलनार हाय, आन् तिला तुमी आडवताय व्हय?"

मी म्हटलं, राहीबाई, आम्हा जैनांत मनाचंच मोजतात. त्यांनी हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले. मग म्हणाल्या, "मंग तिच्या मनात आत्ता काय हाय, ते इचारलंय का कवा?"

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याकडं गेले नाही. मुलगी माझी, तिच्या मनात काय आहे ते मला कळत नाही होय? पण खरं सांगते, मी तिला कधी विचारलं नव्हतं. विचारायला गेलं की ती मरणाचं विचारेल अशी भीती वाटते. म्हणून मी गोळ्यांचं बोलते, दुधाचं बोलते, धर्माचं बोलते.

आता तू पत्र नीट वाच, कारण यातून भलता अर्थ काढशील. मी घे म्हणत नाही. नुसती माहिती विचारते. समज घेतलाच, तर तो इकडं पोचायला किती दिवस लागतात? कस्टमवाले पेटी फोडून ठेवून घेतात का? आणि खेळायला माणसं किती लागतात? आमच्याकडं ती, मी आणि आप्पा. आप्पांना गुहेत नेणार कोण? मारण्याशिवाय त्यात आणखी काही करता येतं का, हेही लिही. वाटाघाटी करता येतात का, वगैरे.

किंमत विचारत नाही. तू मामा आहेस.

पद्माअक्का


सांगली, क्षमावणी, २८ सप्टेंबर १९७७

आदगोंडा,

आज क्षमावणी आहे, हे तुला तिकडं कुणी सांगितलं नसेल. सकाळपासून गल्लीतली माणसं येऊन हात जोडून जातात. ज्यांच्याशी वर्षभर नळावर भांडले त्याही बायका आल्या. माझी सगळ्यांची क्षमा मागून झाली, आता तू राहिलास.

आप्पांना तुझं नाव खपत नाही, असं मी तुला जूनच्या पत्रात लिहिलं. ते खोटं आहे. अव्वाच्या शेवटच्या दुखण्यात तू आला नाहीस तेव्हा आप्पा वर्षभर तुझ्याबद्दल बोलले नाहीत, तेवढंच खरं. त्यानंतर दर महिन्याला मला विचारायचे, "आदगोंडाचं काही पत्र?" आणि मी म्हणायचे, नाही. पत्रं येत होती. मी ती ट्रंकेत टाकत होते. अव्वा सोळा दिवस तुझी वाट बघत होती आणि तोंडात पाणी घालायला मी एकटी होते, त्याचा राग माझाच होता. आप्पांचं नाव मी पुढं केलं. काल संध्याकाळी त्यांना ट्रंक उघडून सगळी पाकिटं दिली. ते रागावले नाहीत. चष्मा मागितला आणि वाचत बसले, ते आत्ताही वाचतायत. आप्पांनी क्षमा केली. तुला जमलं तर तूही कर.

दुसरं लिहायचं ते याहून जड आहे.

परवा अनंत चतुर्दशी झाली, पर्युषणाचा शेवटचा दिवस. आठ दिवस आधी चंदना म्हणाली, "आई, मी यंदा उपवास करणार. निर्जळी." डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या रिकाम्या पोटी द्यायच्या नाहीत, एकही चुकवायची नाही. मी नको म्हणायला हवं होतं. कुठलीही आई नको म्हणाली असती. पण मला बरं वाटलं, आदगोंडा. हे लिहायची लाज वाटते. मला वाटलं, हिचं मन त्या गुहेतून निघालं, धर्माकडं वळलं, आता माझी काळजी मिटली. मी शेजारीपाजारी सांगत सुटले. बायका येऊन तिच्या पाया पडत होत्या, ती कॉटवर पांढरं पातळ नेसून बसली होती, ओठ सुकलेले. दुपारी तिनं एकदा पाण्याच्या तांब्याकडं बघितलं. मी तांब्या उचलून आत नेला. तिला मोह नको म्हणून.

काल सकाळी पारणं केलं. दोन घोट पाणी प्यायली आणि धाप लागली ती थांबेना. डॉक्टर घरी येऊन गेले. इंजेक्शन दिलं.

दुपारी धाप थोडी उतरली तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाली, "आई, दुकानातला माल संपला नव्हता ना?"

मी म्हटलं, नव्हता.

"मग आता तरी मामाला घे म्हणून लिहिशील? मी उपवास पुरा केला."

तिनं मनाशी हा सौदा केला होता. धर्माकडं वळली म्हणून मी मिरवत होते, आणि ती त्या खेळासाठी तहान मारून बसली होती. काही मिळावं म्हणून केलेलं व्रत वाया जातं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. वाया गेलं ते तिचं नाही, माझं. तिला मी त्या जागी नेऊन उभी केली. आधीच हो म्हटलं असतं तर ती जेवली असती, गोळ्या घेतल्या असत्या.

घे. आजच्या आज घे. जहाजानं नको, विमानानं पाठव. नियम सगळे लिहीत बसू नकोस, पहिल्या दिवसापुरते लिही, बाकी मागून. गुहेच्या तोंडाशी उभी राहून काय करतेस, असं विचारणारी मी होईन. आप्पा म्हणतात, तेही येतील.

तुझी अक्का


सांगली, २२ ऑक्टोबर १९७७

आदगोंडा,

तार मिळाली असेल. तारेत जास्त लिहिता येत नाही, म्हणून हे.

रविवारी, नऊ तारखेला, सकाळी गेली. माझं "घे" तोवर तुझ्यापर्यंत पोचलंही नसेल. हे साताऱ्याहून कुबड्या घेऊन आले होते. आप्पा तिच्या कानात णमोकार म्हणत होते. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. ओठ हलत होते, पण मंत्र म्हणत होती की आणखी काही, ते मला कळलं नाही. मी सारखी मनात म्हणत होते, चांगलं काहीतरी असू दे, चांगलं काहीतरी असू दे. त्या वेळी तिचा हात धरायचंही मला सुचलं नाही. तो यांनी धरला होता.

डॉक्टर म्हणतात, उपवासाचा काही संबंध नाही, एका दिवसानं काही होत नाही, हे व्हायचंच होतं. भला माणूस आहे. त्यांच्यासमोर मी हो म्हणते. घरी आल्यावर मला तो तांब्या दिसतो.

राहीबाई आल्या होत्या, रहिमतपूरला भावाकडं गेल्या होत्या तिथून एस्टीनं. दोन दिवस राहून माझं घर सारवून, भांडी घासून गेल्या. लोक सांगतात, तिचा उपवास झाला, तिला चांगली गती मिळाली. ऐकून घेते. मला आता गतीचं काही कळेनासं झालंय. देवळात जाते, उभी राहते, परत येते.

काल तिची कॉट काढली. भूगोलाच्या जुन्या वहीत एक पान मिळालं. तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, आपण कोण होणार ते कागदावर लिहून ठेव, म्हणजे खेळ आला की लगेच सुरू करता येईल. तिनं ते जूनमध्येच लिहून ठेवलं होतं, वर तारीख आहे. मूळ पान मी कुणाला देणार नाही. तुझ्यासाठी उतरवून काढते.

नाव: चंदना.

गाव: सांगली.

कोण: योद्धा नको, मांत्रिक नको, चोर तर आई होऊ देणार नाही. निरोप पोचवणारी.

ताकद: हरिपूरपर्यंत पळत जाते आणि पळत येते. दम लागत नाही. जिनेही चढते.

जवळ काय: पाणी गाळायचं फडकं. शेंगदाण्याचे लाडू सहा, सूर्य मावळायच्या आत संपवायचे.

हत्यार: नको. कुणी अंगावर आलं तर पळून जाईन.

आदगोंडा, हे पान चार महिने माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. मी तिच्या मनातली तलवार काढायला निघाले होते. तिथं तलवार नव्हतीच. तिला नुसतं पळायचं होतं. एकदा विचारलं असतं तर तिनं वही काढून दाखवली असती. तिनं काही लपवलं नव्हतं, मी विचारलं नाही. तिच्या सुकल्या तोंडासमोरून पाणी मी उचलून नेलं, आणि ते तिच्या भल्यासाठी नेतेय असं मला वाटत होतं. आता ही गोष्ट घेऊन मला उरलेली वर्षं काढायचीत. आप्पा म्हणतात, कर्म ज्याचं त्यालाच भोगावं लागतं. भोगते.

तुझं पत्र आज आलं. तारेच्या आणि माझ्या "घे"च्याही आधी टाकलेलं आहे. दुकानात एकच पेटी शिल्लक आहे, बाजूला ठेवायला सांगितलीय, नक्की घेऊ ना, असं विचारतोस. मी दुपारभर त्यावर विचार केला. इकडं पाठवू नकोस, इकडं खेळायला कुणी नाही. पण घ्यायचा असला तर तुझ्यासाठी घे. तुझी ती तिकडची मंडळी जमतात, त्यांच्यात बसून खेळ आणि ह्या पानावरच्या मुलीला बरोबर ने. गुहेत नाही नेलीस तरी चालेल, बाहेर उघड्यावर ने.

फक्त घेण्याआधी पेटी उघडायला लावून एक गोष्ट बघून घे. अंगावर कुणी आलं तर पळून जाता येतं का, आणि पळून गेलेली माणसं पुढं खेळात राहतात का, ते नियमात नीट वाच. तसं नसेल तर घेऊ नकोस.

अक्का